आइसलंड अभ्याससहल : विमान रात्रीचं, दिवस मोकळा, मुलांना थरार हवाय

घाटवाट

भूशास्त्र एमएस्सीची सहल आहे, पुण्याहून. २० विद्यार्थी, २ शिक्षक. थिंगव्हेलिर, गेसिर आणि दक्षिण किनारा आधीच्या दिवसांत आहे. शेवटचा दिवस १७ जून. रेक्याविकमधलं हॉटेल सकाळी १० ला सोडायचं आणि केफ्लाविकहून फ्रँकफर्टचं विमान रात्री ००:४० ला, म्हणजे हातात जवळपास साडेचौदा तास. बस ड्रायव्हरसकट ठरलेली आहे, सामान बसच्या पोटात राहील.

मुलांनी दिलेली यादी: सिल्फ्रामध्ये (थिंगव्हेलिरमधली पाण्याने भरलेली भेग) स्नॉर्केलिंग, सोल्हेइमायोकुल हिमनदीवर चालणं, लाव्हाची गुहा, २०२१ च्या उद्रेकाचा नवा लाव्हा, ब्लू लगून (गरम पाण्याचं कुंड). विभागप्रमुखांची अट: शेवटच्या दिवशीही फील्डबुक भरलं पाहिजे. यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठल्या क्रमाने जायचं? जाणकारांनी सांगा.

काळापाषाण

हिमनदी आधी खोडा. सोल्हेइमायोकुल रेक्याविकपासून दीडशे किलोमीटरच्या पुढे, एका बाजूला दोन तासांहून जास्त, आणि विमानतळाच्या बरोबर उलट दिशेला. वर क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे बर्फाचे खिळे), हार्नेस, सूचना, चालणं मिळून तीन-साडेतीन तास. वाऱ्यामुळे रस्ता बंद झाला तर तिकडेच अडकाल. दक्षिण किनारा आधी होतोच आहे, तर हिमनदी त्याच दिवशी उरका.

आता नकाशा उघडा. रेक्याविकच्या नैऋत्येला जो द्वीपकल्प समुद्रात घुसलाय तो रेक्यानेस. विमानतळ त्याच्याच टोकाशी. मध्य अटलांटिक पर्वतरांग समुद्रातून वर येऊन जमिनीवर चढते ती याच द्वीपकल्पावर, त्यामुळे भूशास्त्रवाल्यांना हवं ते सगळं इथे ओळीने मांडलेलं आहे: भेगा, गंधकाची कुंडं, उशी-लाव्हा (पाण्यात थिजून उशांसारखा झालेला लाव्हा), नवा लाव्हा. युनेस्कोचा जिओपार्क आहे २०१५ पासून. शेवटच्या दिवशी प्रत्येक थांबा मागच्या थांब्यापेक्षा विमानतळाच्या जवळ असला पाहिजे. एवढं पाळलं की निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

उत्तरेचा_वारा

काळापाषाण यांच्याशी सहमत, पण त्याआधी तीन गोष्टी तपासा. त्या चुकल्या तर बाकीची चर्चा फुकट जाईल.

पहिली, तारीख. विमान ००:४० चं, म्हणजे तिकिटावर १८ जून. विमानतळावर मात्र १७ च्या रात्री पोचायचं. निम्मे गट इथे गोंधळतात. याचंच दुसरं टोक जास्त बोचतं: आइसलंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारा युरोपीय देशांचा गट) आहे, त्यामुळे केफ्लाविक ते फ्रँकफर्ट हा आतलाच प्रवास. शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद फ्रँकफर्टला होईल, १८ तारखेची. व्हिसा १७ पर्यंतचाच असेल, किंवा मुक्कामाचे दिवस १७ ला संपत असतील, तर तो ओव्हरस्टे. आलेला दिवस आणि गेलेला दिवस दोन्ही मोजतात. सगळ्या २२ पासपोर्टांवरचे स्टिकर एकेक करून बघा. एकाच अर्जात टाकलेल्या मुलांनाही वेगवेगळे दिवस मिळालेले असू शकतात.

दुसरी, ड्रायव्हरचे तास. इथे युरोपचे नियम चालतात. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाचं चालवणं ९ तास, आणि चोवीस तासांत सलग ११ तासांची विश्रांती. म्हणजे कामाचा पसारा १३ तासांचा. काही दिवशी तो १५ तासांपर्यंत ताणता येतो, पण बस कंपनीने आधी मान्य केलेलं असलं तरच. ड्रायव्हर सकाळी साडेनऊला हजर झाला तर रात्री साडेदहाला त्याचं काम संपायला हवं, आणि तुम्हाला सोडून त्याला रेक्याविकला परत जायला पाऊण तास लागतो. थोडक्यात, साडेनऊला विमानतळावर. ‘अहो, अजून पंधरा मिनिटं थांबा ना’ हे तिथे चालत नाही. त्याच्या टॅकोग्राफवर (गाडी चालवल्याचे तास नोंदवणारं यंत्र) सगळं उमटतं.

तिसरी, १७ जून हा त्यांचा राष्ट्रीय दिन. १९४४ मध्ये याच तारखेला प्रजासत्ताक झालं. शहराच्या मध्यात मिरवणूक आणि गर्दी असते, रस्ते बंद होतात. हॉटेल मध्यवस्तीत असेल तर बस दारापर्यंत येणार नाही. कुठल्या थांब्यावर येईल ते आदल्या दिवशीच ठरवून घ्या, बॅगा ओढत किती चालायचं ते बघा. दुकानं, पोहण्याचे तलाव यांच्याही वेळा त्या दिवशी वेगळ्या किंवा पूर्ण बंद. दुपारचा डबा १६ तारखेलाच विकत घेऊन ठेवा.

घाटवाट

राष्ट्रीय दिनाचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. व्हिसाचे दिवस आज रात्रीच तपासायला लावते.

सिल्फ्राचं काय? मुलं त्यावर अडून बसली आहेत. थिंगव्हेलिर तसं रेक्याविकपासून पाऊण-एक तासावरच आहे ना?

निळाई

आहे, पण ईशान्येला. विमानतळापासून दूर. आणि अंतरापेक्षा वेळ जातो तो माणसांच्या संख्येमुळे.

सिल्फ्राचं गणित असं. एका गाइडमागे सहा जण. तुम्ही २२, म्हणजे चार गट. भेगेत उतरायला लोखंडी जिना एकच, त्यामुळे गट एकापाठोपाठ सोडतात. पाण्यात प्रत्येकाचा वेळ जेमतेम ३०-४० मिनिटं, पण कपडे चढवणं, चालणं, उतरवणं धरून एका गटाला अडीच-तीन तास. शेवटचा गट बाहेर येईपर्यंत पहिला गट तासभर कुडकुडत उभा. माणशी वीस हजार क्रोनांच्या आसपास खर्च, तो वेगळाच.

पाणी वर्षभर २ ते ४ अंश. लांग्योकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या थरांतून झिरपत यायला दशकं लागतात, म्हणून इतकं नितळ की शंभर मीटरपर्यंत दिसतं. ड्राय सूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) घालावा लागतो. त्याच्या आत स्वतःचे थर्मल कपडे, फ्लीस, जाड लोकरी मोजे. जीन्स किंवा सुती कपडे चालत नाहीत. सूट मानेशी रबराच्या पट्टीने घट्ट बसतो, आणि गडबड नेमकी इथे होते: लांब केसांची एखादी बट पट्टीखाली अडकली की त्या वाटेने पाणी आत येतं, आणि पुढचा अर्धा तास पाठ बर्फ. केस आधीच वर घट्ट बांधून हूडमध्ये. हातमोजे मात्र ओले होणारे असतात, म्हणून तरंगताना हात पाण्याबाहेर, पाठीवर धरायचे. सूटमध्ये हवा असते, बुडायची भीती नाही. उलट उभं राहायला गेलात तर पाय वर येतात आणि पालथं पडायला होतं. शेवटी डावीकडे लगूनमध्ये वळायचं असतं. तिथे पाय मारायला आळस केला तर प्रवाह सरळ तळ्याकडे नेतो.

पोहता येणं सक्तीचं. वय, उंची, वजन यांच्या मर्यादा आहेत, वैद्यकीय फॉर्म आधी भरावा लागतो. दम्याच्या किंवा हृदयाच्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची सही लागते. ती सही तिथे पार्किंगमध्ये मिळत नाही.

माझं मत: ज्या दिवशी थिंगव्हेलिर बघणार आहात त्याच दिवशी सिल्फ्रा करा. तिथे जाणार आहातच. निम्म्यांनी पाण्यात जावं, बाकीच्यांनी आल्मान्नाग्याची भेग मोजावी. ओलं झालेलं रात्रीत हॉटेलच्या रेडिएटरवर वाळेल.

सातची_लोकल

चष्मेवाल्यांनी काय करायचं? आमच्या ग्रुपमध्ये निम्मे सोडावॉटरच्या बाटल्या आहेत.

आणि स्नॉर्केलिंगनंतर लगेच विमानात बसू नये म्हणतात ते खरं का?

निळाई

मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काडीमुळे पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावा, किंवा नंबरचा मास्क आहे का ते बुकिंग करतानाच विचारा.

विमानाचा प्रश्न स्कूबाचा आहे. दाबाखालची हवा श्वासात घेतली तरच रक्तात नायट्रोजन विरघळून राहतो. स्नॉर्केलमध्ये पृष्ठभागावरचीच हवा घेतो, तेव्हा त्याच दिवशी उडायला हरकत नाही. तुमच्यापैकी कुणी परवानाधारक डायव्हर असेल आणि सिल्फ्रात सिलिंडर घेऊन उतरणार असेल, तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त असतील तर १८. तो उद्योग शेवटच्या दिवशी नकोच.

काळापाषाण

आणि मुलांना एक सांगून ठेवा: सिल्फ्रात दोन हात पसरून ‘एक हात अमेरिकेत, एक युरोपात’ हा फोटो छान येतो, पण फील्डबुकात तसं लिहिलंत तर गुण कापले जातील. अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूपट्टांमधली सीमा म्हणजे एक रेघ नाही. थिंगव्हेलिरचा खचलेला पट्टाच काही किलोमीटर रुंद आहे, त्यात शेकडो भेगा. सिल्फ्रा त्यातली एक. वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरची फारकत या सगळ्यांत वाटली जाते, तीही रोज थोडी थोडी नाही. वर्षानुवर्षं ताण साठतो आणि मग एकदम. १७८९ च्या भूकंपांत तिथला तळ खाली बसला.

गंधकबाबा

तर मग १७ तारखेचा मार्ग. सकाळीच थोडं पूर्वेला जाऊन मग दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने पश्चिमेला सरकत सरकत विमानतळ गाठायचा. वाट मागे वळत नाही.

१० ला निघा. रोइफारहोल्सहेल्लिर ही लाव्हाची गुहा अर्ध्या-पाऊण तासावर, ३९ क्रमांकाच्या रस्त्यालगत. लांबी १३६० मीटर, सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या प्रवाहातली. साधी फेरी तासाभराची, हेल्मेट आणि दिवा तेच देतात, बूट घोट्यापर्यंतचे हवेत. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. २२ जणांना एकच वेळ मागा, नाहीतर पुन्हा दोन गट आणि तासाचा खोळंबा. आत जूनमध्येही थंडी बोचते. सुरुवातीला छत कोसळलेली भोकं आहेत, तिथून उजेड येतो. भिंतींवर लाव्हाची पातळी उतरत गेल्याच्या आडव्या कडा दिसतात. त्या कडांची उंची मोजा, प्रवाह किती टप्प्यांत ओसरला ते वहीत येईल. छताच्या लोंबत्या टोकांना हात लावायचा नाही. तुटलं की गेलं.

तिथून थोर्लाक्सहोफ्नमार्गे ४२७ क्रमांकाचा रस्ता पकडा, समुद्र डावीकडे. क्रिसुविकच्या फाट्यावर उजवीकडे वळून जेमतेम दहा मिनिटं आत सेल्तूनची गंधककुंडं. लाकडी पायवाट आहे, तिच्याबाहेर पाऊल नाही. पांढरट-पिवळी माती कोरडी दिसते, पण वर पातळ कवच आणि खाली उकळता चिखल असू शकतो. १९९९ मध्ये इथली एक विंधनविहीर फुटून खड्डा पडला, तो अजून आहे. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. चांदीचे दागिने बॅगेत ठेवा, काळे पडतात. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा, बसमधल्या सॅकमध्ये नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर नेणार असाल तर एक लक्षात घ्या. वाफेतून नेम धरला की यंत्र वाफेचंच तापमान वाचतं आणि आकडा भलताच खाली येतो. झुळूक येऊन वाफ बाजूला होईपर्यंत थांबा आणि सलग पाच-सहा वाचनं घ्या. त्यातलं सर्वांत मोठं खरं धरा. १२:१ च्या (अंतराच्या बाराव्या भागाएवढा ठिपका मोजणाऱ्या) यंत्राने ३ मीटरवरून मोजलं तर ठिपका पाव मीटर रुंद, म्हणजे छोट्या बुडबुड्याचं तापमान वेगळं कळत नाही. जवळ जाऊन मोजायचा मोह होतो. पायवाटेवरूनच.

घाटवाट

हे झकास. पण खरा हट्ट नव्या लाव्हाचा आहे. फाग्रादाल्सफ्यालच्या विवरापर्यंत चढायला किती वेळ? आणि ग्रिंडाविकच्या बातम्या वाचून पालकांची पाचावर धारण बसली आहे. त्यांना काय सांगू?

काळापाषाण

दोन उद्रेकपट्टे वेगळे आहेत, पालकांना आधी हे सांगा. फाग्रादाल्सफ्यालचा उद्रेक १९ मार्च २०२१ ला सुरू झाला आणि त्याच सप्टेंबरात थांबला. त्या भागात २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा लहान उद्रेक झाले. ग्रिंडाविकजवळची सुन्द्नुकुरची भेग हा पश्चिमेकडचा दुसरा पट्टा. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ते गाव रिकामं केलं, १८ डिसेंबरला पहिला उद्रेक, जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावात शिरून घरं जळाली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत असे नऊ उद्रेक झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लू लगूनचं पार्किंग लाव्हाखाली गेलं. हे सगळे भेगेतून वाहणारे उद्रेक, राख नगण्य, म्हणून केफ्लाविकची विमानं चालू राहिली. २०१० च्या एयाफ्यात्लायोकुलसारखी गत नाही. तिथे बर्फाखालून उद्रेक होऊन बारीक राख उडाली होती.

विवरापर्यंतचा चढ सोडा. जाऊन-येऊन तीन-चार तास, वारा, घसरडी खडी, आणि २२ जणांचा वेग म्हणजे सगळ्यात मागच्याचा वेग. त्याऐवजी नात्थागी. २०२१ चा लाव्हा या खोऱ्यात उतरला आणि रस्त्यापासून थोडकंच अंतर राहिलं तेव्हा थांबला. ४२७ वरच्या पार्किंगपासून सपाट वाटेने पंधरा-वीस मिनिटांत लाव्हाच्या तोंडाशी उभे. पार्किंगचे पैसे फोनवरून भरायचे असतात. गाडीचा नंबर टाकताना चुकलात तर दंडाचं बिल बस कंपनीमार्फत तुमच्याकडे येतं.

लाव्हावर चढायचं नाही. वरून थंड, घट्ट दिसतो, पण खाली पोकळ्या आहेत आणि जाड थराच्या पोटात उष्णता वर्षानुवर्षं टिकते. पाय आत गेला तर काचेसारख्या कडांनी पोटरी सोलून निघते, आणि ती कमीत कमी इजा. हात लावून बघायचं तर कामाचे जाड हातमोजे घाला.

आता अभ्यास. मला विचाराल तर अख्ख्या सहलीत दख्खनवाल्यांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. घाटात आपण जे पाहतो ते साडेसहा कोटी वर्षं जुनं, कुजलेलं, गाडलेलं. इथे तोच पाहोएहोए (गुळगुळीत, दोरीसारख्या वळ्यांचा) लाव्हा शाळकरी मुलापेक्षाही लहान. लोब (लाव्हाची पुढे सरकणारी जीभ) कसा फुगतो, त्याच्या पाठीला चीर पडून पुढचा लोब कसा बाहेर येतो, दोरीसारख्या वळ्या प्रवाहाच्या दिशेला कशा फुगीर होतात, सगळं उघडं. वरचं काचेचं कवच हाताच्या अंतरावरून बघा: रुपेरी-निळसर झाक आणि नखाएवढ्या खवल्यांनी सुटणारं. दख्खनमध्ये ही काच शोधून सापडत नाही, तिची माती किंवा हिरवट खनिजं झालीत. आणि बुडबुड्यांची भोकं बघा. इथे रिकामी. आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या खाणींत तीच भोकं झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झने भरलेली. मधला फरक म्हणजे वरून चढलेल्या थरांचं ओझं, गरम पाणी आणि काळ. आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे खडक जुने आहेत, तिथेही भोकं भरलेली आहेत. जॉर्ज वॉकर यांनी तिथल्या झिओलाइटच्या पट्ट्यांवरून वर किती जाडीचा खडक झिजून गेला ते काढलं, आणि पुढे दख्खनच्या प्रवाहांवरही लिहिलं.

वहीसाठी: पाच लोब निवडा, प्रत्येकाची रुंदी, उंची, कवचाची जाडी, भोकांचा व्यास वरून खाली दर १० सेंटिमीटरला. काठावरून पोचेल तेवढंच. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. दीड तास पुरे. तुलनेसाठी एक आकडा: २०२१ चा सगळा लाव्हा पाच चौरस किलोमीटरांच्या आत मावतो, दख्खन आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर.

उत्तरेचा_वारा

पालकांसाठी भर: सकाळी निघण्याआधी सेफट्रॅव्हलच्या संकेतस्थळावरचे इशारे, हवामान खात्याचा वारा आणि वायूचा अंदाज, आणि रस्त्यांचा नकाशा, तिन्ही बघायचे. दुपारी परत एकदा. शिक्षकांच्या फोनवर ११२ चं ॲप असू द्या. एक बटण दाबलं की तुम्ही कुठे आहात ते बचाव दलाला कळतं.

ग्रिंडाविककडचा रस्ता बंद असेल तर ४२७ वरून पुढे पश्चिमेला जाता येणार नाही. तेव्हा सेल्तूनला परत येऊन ४२ ने क्लेइफारवात्न तळ्याकाठून हाफ्नारफ्योर्दूर, मग ४१ ने केफ्लाविक, आणि वेळ उरला तर पलीकडून ४४ आणि ४२५ ने सान्दविकच्या पुलापर्यंत. साधारण तास वाढतो. हा पर्यायी मार्ग ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. क्लेइफारवात्न तसंही बघण्यासारखं आहे. २००० च्या भूकंपांनंतर तळ्यात भेगा पडून पाण्याची पातळी काही मीटर उतरली होती.

वाऱ्याबद्दल: बसचं दार किंवा डिकी उघडताना धरून ठेवा. छत्र्या हॉटेलात सोडून या.

चहाटळ

आणि पोटापाण्याचं कुणी बोलतच नाहीये! ४२७ वर मैलोन्‌मैल टपरी नाही, वडापाव तर लांबच. पेट्रोलपंपावरचा प्रसिद्ध हॉटडॉग म्हणजे मेंढी, गाय, डुक्कर तिन्ही एकत्र; शाकाहारी मुलांना आधी सांगा, नाहीतर अर्धा खाल्ल्यावर कळायचं. ब्रेड, चीज, काकडी, केळी, स्किर (तिथलं घट्ट दही) असं आदल्या दिवशी घ्या. पाणी नळाचंच, बाटल्या विकत घेऊ नका. गार नळाचं हं. गरम नळाला गंधकाचा वास येतो, त्याने चहा करणाऱ्याचं भलं होवो.

गंधकबाबा

नात्थागीनंतर गुन्नुह्वेर. ग्रिंडाविकच्या पश्चिमेला, दीपगृहाच्या पायथ्याशी. इथलं भूजल जवळजवळ समुद्राचंच पाणी, म्हणून सेल्तूनपेक्षा वेगळं. दोन्हीकडच्या मातीचा रंग आणि वास शेजारी शेजारी लिहा. वाफ एवढी की वारा फिरला की समोरचा माणूस दिसेनासा होतो. जुना निरीक्षणकट्टा चिखलाने गिळलाय, त्याचे अवशेष दिसतात. अर्धा तास बास.

पलीकडे वालाह्नुकामोलचा किनारा. कड्यात उशी-लाव्हा आणि मोबेर्ग, म्हणजे पाण्यात किंवा बर्फाखाली फुटलेल्या लाव्हाचा चुरा घट्ट होऊन झालेला तपकिरी खडक. घाटात हा सहसा भेटत नाही, तेव्हा दहा मिनिटं जास्त द्या. पण गोट्यांच्या बांधापलीकडे उतरू नका, लाटा अचानक वर चढतात. हवा स्वच्छ असेल तर समुद्रात एल्देय बेटाचा सुळका दिसतो. ग्रेट ऑक या पक्ष्याची शेवटची जोडी १८४४ मध्ये तिथे मारली गेली.

मग सान्दविकचा ‘दोन खंडांमधला पूल’, सात-आठ किलोमीटरवर. फोटोपुरता. भेगेच्या तळाशी काळी वाळू, कडेचे खडक दोन्ही बाजूंना जुळतात का ते बघा. तिथून विमानतळ वीस-पंचवीस मिनिटं.

घाटवाट

मग वेळापत्रक असं बसतंय. १० निघणे, १०:४५ ते १२:१५ गुहा, बसमध्येच जेवण, १:१५ ते २:१५ सेल्तून, २:४५ ते ४:३० नात्थागी, ५ ते ६:१५ गुन्नुह्वेर आणि किनारा, ६:३० ते ७ पूल, ७:३० केफ्लाविक. सिल्फ्रा थिंगव्हेलिरच्या दिवशी हलवलं. ब्लू लगून रद्द, मुलं फुगली आहेत. साडेसात ते साडेनऊ काय करू?

उत्तरेचा_वारा

केफ्लाविकचा सार्वजनिक तलाव एरवी उत्तम होता, गरम पाण्याचे हौद, ब्लू लगूनच्या मानाने किरकोळ तिकीट. १७ जूनला उघडा असेल का आणि किती वाजेपर्यंत, ते महिनाभर आधी ईमेलने विचारा. उघडा असेल तर गुन्नुह्वेर आटोपतं घेऊन लवकर पोचा. मुलांना आधीच समजवा: हौदात उतरण्यापूर्वी साबणाने, अंगावर काहीही न ठेवता अंघोळ करायची असते, सामायिक शॉवरमध्ये. मुला-मुलींच्या खोल्या वेगळ्या. आडोशाचा एखादा शॉवर आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. बऱ्याच तलावांवर पोहण्याचा पोशाख पिळायचं छोटं यंत्र भिंतीला असतं, दहा सेकंदांत जवळजवळ कोरडा, तेव्हा ओल्याचं ओझं नको. फोन आत न्यायचा नाही.

बंद असेल तर गावात जेवण. पण बस रिकामी करू नका, सामान त्यात आहे.

जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि काळोख होतच नाही. सगळ्यांना दुपारच वाटत राहते आणि गट रेंगाळतो. एका शिक्षकाने फक्त घड्याळ बघायचं. प्रत्येकाला १ ते २२ क्रमांक द्या, बस सुटण्यापूर्वी क्रमांक ओरडायचे. ‘सगळे आलो का?’ याला नेहमी ‘हो’च उत्तर येतं.

सातची_लोकल

दगड आणायचे आहेत हो! निदान एकेक तरी. आणि हातोडा केबिन बॅगेत चालतो का?

काळापाषाण

हातोडा, छिन्नी, ट्रेकिंगच्या काठ्या सगळं चेक-इनमध्ये. केबिनमध्ये दिसले तर सुरक्षा तपासणीत जप्त. पॉवरबँक याच्या उलट, फक्त केबिनमध्ये. कॅल्साइट तपासायला आणलेल्या सौम्य आम्लाची बाटली कुठल्याच बॅगेत नाही, ती पुण्यातच ठेवा.

दगडांचं म्हणाल तर संरक्षित जागेतून खडासुद्धा उचलायचा नाही, हातोडा मारायचा नाही. विभागाला संग्रहासाठी नमुने खरंच हवे असतील तर विभागप्रमुखांच्या पत्राने तिथल्या निसर्गविज्ञान संस्थेची लेखी परवानगी काही आठवडे आधी मागा, आणि ती नमुन्यांच्या पेटीत ठेवा. परवानगी मिळाली तरी वजनाचा हिशेब करा: १० × ८ × ६ सेंटिमीटरचा भरीव बेसाल्ट १.३-१.४ किलो भरतो. २० जणांनी एकेक घेतला की जास्तीची एक अख्खी बॅग. सच्छिद्र घ्याल तर हलका, पण काचेचं कवच प्रवासात झडतं. तो वर्तमानपत्रात नाही, कापसात गुंडाळा आणि डब्यात भरा.

निळाई

फ्रँकफर्टला शेंगेनबाहेर पडताना पासपोर्टची रांग आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे-फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने आली आहे. २२ जणांना वेळ लागेल. मुंबईचं विमान किती वाजता आहे आणि दोन्ही एकाच तिकिटावर आहेत का?

घाटवाट

एकच तिकीट, बॅगा थेट मुंबईला. फ्रँकफर्टला सकाळी सव्वासहाला उतरणार, पुढचं विमान दुपारचं.

निळाई

मग भरपूर वेळ आहे. केफ्लाविकला बॅगा देताना टॅगवर ‘मुंबई’ छापलंय का ते प्रत्येकाने तिथेच वाचायचं, फ्रँकफर्ट छापलं असेल तर काउंटर सोडायच्या आत बदलून घ्यायचं.